कापणाऱ्याने बोलायचं नाही

शमशुद्दीनकाका आल्याशिवाय वाटणीचा विषय काढायचा नाही असे ठरले होते, त्यामुळे कर्वेनगरच्या त्या घरात सकाळपासून बाकीच्या सगळ्या विषयांवर भांडून झाले होते. कढीत साखर किती घालावी यावर झाले. पंखा कितीवर ठेवावा यावर झाले. बाबांच्या फोटोचा हार गुरुवारचा, वर्षश्राद्धाचा होता. तो उतरवावा की आणखी वाळू द्यावा, यावर कौशल्याआत्या आणि स्वराली यांच्यात अजून चालूच होते. फोटोतून प्राध्यापक बाळ गानू चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत होते. अर्थशास्त्राच्या वर्गात शेवटच्या बाकाकडे ते असेच बघायचे.

उल्का खडकीहून आली तेव्हा जिन्यातच तिला कढीचा वास आला आणि पाय भरभर पडू लागले. बाई पन्नाशी ओलांडलेली, पण माहेरच्या जिन्यात वय कोण विचारतो! तिचा नवरा सलिल दारूगोळा कारखान्यात होता, मार्चअखेर निवृत्त होणार होता. मग सरकारी क्वार्टर सोडायचे. आज तो मुद्दाम आला नव्हता. "तुमच्या घरची वाटणी. जावयाने त्यात फक्त जेवायला यावं, आणि आज मला भूक नाही," असे म्हणून त्याने वर्तमानपत्र उघडले होते. ती चपला घालत असताना मात्र कागदामागूनच म्हणाला, "आपल्याला छप्पर लागणार आहे, उल्का. तेवढं विसरू नकोस."

ती कशाला विसरेल! पण खरे सांगायचे तर बसमध्ये ती छपराचा विचार करत नव्हती. ती दुपारच्या झोपेचा विचार करत होती. खडकीत तिला दुपारी कधी झोप येत नसे. इथे आले की जेवणाच्या शेवटच्या घासालाच डोळे जड व्हायचे. मग आतल्या खोलीत जायचे, माळ्यावरची गादी ओढायची, आईची जुनी चादर घ्यायची आणि खिडकीखाली आडवे व्हायचे. बाबांच्या आजारपणात ते सुटले, आणि ते गेल्यानंतरच्या वर्षात ती इथे आली ती बसल्याबसल्या चहा पिऊन गेली. वर्षभर तिला त्या झोपेची भूक लागली होती. हे कुणाला सांगायचे म्हणजे हसे व्हायचे.

स्वयंपाकघरात आत्या मटार सोलत होती. बाबांची ही धाकटी बहीण आता ऐंशीकडे झुकलेली, जीभ मात्र तशीच धारदार.

"सही करणार ना गं?" तिने उल्काला पाहताच विचारले.

"आत्या, काका येईपर्यंत विषय नाही काढायचा."

"मी विषय कुठे काढतेय? मी सहीचं विचारतेय. हक्कसोड करायचा, भावाकडून साडी घ्यायची, माहेर राखायचं. आम्ही सगळ्या बहिणींनी हेच केलं." मग ओट्याशी उभ्या स्वरालीकडे मान वळवून म्हणाली, "तू साडी आणलीयस ना? की सहीच्या वेळी लक्ष्मी रोडला पळणार?"

उल्काच्या धाकट्या भावाची, आमोदची बायको कढी ढवळत राहिली. कढीला एवढे ढवळून काही होत नाही. साडी तिने आणली होती. महिनाभरापूर्वीच आणून कपाटात टॉवेलांच्या खाली ठेवली होती, आणि तेव्हापासून टॉवेल काढताना तिचा हात अडखळत होता. नणंद वाईट असती तर बरे झाले असते, असे तिला कितीदा वाटले. वाईट माणसाकडून घर मागून घेताना संकोच तरी होत नाही.

"आजी, अर्ध्या प्रॉपर्टीच्या बदल्यात एक साडी?" ओवी दारातून म्हणाली. आमोदची ही मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि सध्या तिला घरातल्या प्रत्येक वाक्यात एक कलम दिसत होते. "कुठल्याही कोर्टात सांग. हसतील."

"कोर्टात साड्या नेसत नाहीत गं."

"पण कायद्याने उल्काआत्याचा हक्क माझ्या बाबांइतकाच आहे. इक्वल. सोडायचा कशाला?"

"कायद्याने माझाही होता," आत्या म्हणाली आणि एक शेंग जरा जोरात फोडली. "जा, बाहेर ताटं मांड."

ओवी गेली, तिच्यामागून स्वरालीही पाणी घेऊन गेली. उल्का आत्याजवळ खाली बसली आणि शेंगा घेऊ लागली. थोड्या वेळाने तिने विचारले, "आत्या, सही केल्यावर तुला राहिलं का गं माहेर?"

"राहिलं तर. दर भाऊबीजेला आले. बाळने कधी रिकाम्या हाती पाठवलं नाही. तुझी आई तर सोन्यासारखी बाई." आत्याचे हात थांबले. "सही केली त्याच वर्षीची गोष्ट. दुपारची जेवणं झाली. मी आपली नेहमीसारखी आडवी व्हायला निघाले, तर तुझी आई प्रेमाने म्हणाली, 'वन्सं, अंथरूण कुठे घालू तुमचं?' तोवर मला तसं कधी कुणी विचारलं नव्हतं. पाहुण्यांना विचारतात ते. मी म्हटलं, घाल कुठेही. मग दर वर्षी विचारायची."

"आणि तरी मला सही कर म्हणतेस?"

"सही न करूनही विचारलंच तर काय करशील? निदान आपण हक्क मागितला म्हणून माहेर तुटलं, असं तरी नको व्हायला." आत्याने पदराने नाक पुसले. "मटार कोवळे आहेत हो. कुठून आणते ही?"

*

शमशुद्दीनकाका जिना चढून वर आले आणि सवयीने खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले. समोरची खुर्ची रिकामी होती. कुणी तिथे बसत नव्हते आणि कुणी ती हलवतही नव्हते. कायद्याच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर मालमत्तेचा कायदा शिकवला, आणि जवळपास तितकीच वर्षे दर रविवारी ते या खुर्चीत बसून बाळ गानूंशी वाद घालत आले.

वाद एकच होता, फक्त दर रविवारी त्याला नवे उदाहरण मिळायचे. बाळ म्हणायचा, माणूस आपला फायदा बघतो. कायद्याने फायदा कुठल्या बाजूला आहे तेवढे दाखवावे, लोक आपोआप तिकडे चालू लागतील. शमशुद्दीन म्हणायचे, "आणि लाज? माया? ती कुठल्या रकान्यात घालतोस?" बाळ शांतपणे म्हणायचा, "लाज खर्चात. माया जमेत." त्यावर त्यांच्या बायकोने, नजमाने, एकदा आपल्या घरी दोघांना चहा देताना विचारले होते, की मग भावजी, तुम्ही आमच्याकडे चहाला येता ते कशात? त्या दिवशी बाळला उत्तर सुचले नव्हते. शमशुद्दीनना आत्ता तो चेहरा आठवला. वर्षभरात त्यांनी एकाही माणसाशी मनापासून वाद घातला नव्हता. सगळे त्यांचे ऐकून घेत होते, म्हातारा झाल्याची ती खूण.

"बाळला मी किती वेळा सांगितलं, मृत्युपत्र कर," ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "तर म्हणे, मेलेल्या माणसाने जिवंतांच्या पानात वाढू नये. पोरांना वाटणी येते, मी शिकवलीय."

शिकवली होती खरी. गानूंच्या घरात कुठलीही गोष्ट वाटायची पद्धत ठरलेली होती. खरवस असो, कलिंगड असो, दिवाळीतली लवंगी फटाक्यांची माळ असो, एकाने दोन वाटे करायचे आणि दुसऱ्याने त्यातला एक उचलायचा. आळीपाळीने. आणि त्यात बाबांचा एक कडक नियम होता: दुसऱ्याने निवडेपर्यंत कापणाऱ्याने बोलायचं नाही. तोंड उघडले की वाटा रद्द. बाबांचे शास्त्र सोपे होते. निवड दुसऱ्याच्या हातात आहे म्हटल्यावर कापणारा भीतीपोटी सारखेच कापणार. न्याय करायला माणूस चांगला असायची गरज नाही, नियम चांगला हवा.

पोरांनी शास्त्र पार धुळीला मिळवले. आमोद वेडेवाकडे कापायचा, एक वाटा हा एवढा आणि दुसरा एवढासा. आणि उल्का दर वेळी एवढासा उचलायची. बाबा चिडायचे. "हा लबाड आहे, तिला ओळखून कापतो!" आई म्हणायची, "आणि ती त्याला ओळखून निवडते. तुम्ही कशाला मध्ये पडता?" बाबांनी या विषयावर वर्गात एक संपूर्ण तास घेतला होता असे म्हणतात, त्यात शेवटी काय निष्कर्ष काढला ते कुणाला माहीत नाही.

मागच्या खेपेला, आईची भांडी वाटली तेव्हा, उल्काने वाटे केले होते. म्हणजे आज कापायची पाळी आमोदची.

*

आमोदने आतून दोन ताटल्या आणल्या. स्टीलच्या, कडेला आईचे नाव कोरलेल्या. एकीत या घराची किल्ली होती. दुसरीत वाघोलीच्या जमिनीचा सातबारा, आणि त्यावर बँकेतल्या ठेवींच्या पावत्यांची लहानशी चळत. वाघोलीची ती जागा बाबांनी घेतली तेव्हा तिथे बाभळी सोडून काही नव्हते, आणि सगळे आप्त हसले होते. आता तिच्या चारही बाजूंनी इमारती उठल्या होत्या.

त्याने ताटल्या उल्कापुढे ठेवल्या आणि समोर मांडी घालून बसला. तोंड मिटले. स्वराली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. काल रात्री तिने त्याला फक्त एक वाक्य विचारले होते, "त्यांनी किल्ली उचलली तर?" आणि तो म्हणाला होता, "तर आपण वाघोलीला." पहाटे उठून तिने सगळ्या घराचा केर पुन्हा काढला होता.

उल्काने एका ताटलीकडे पाहिले, मग दुसरीकडे. तिला काय अपेक्षित होते ते तिलाच नीट माहीत नव्हते. एखादे वेडेवाकडे काहीतरी, जे बघून हसू येईल.

"यात जास्त कुठलं आहे?" तिने विचारले.

आमोद गप्प. नियम होता.

उत्तर शमशुद्दीनकाकांनी दिले. "कुठलंच नाही, पोरी. त्याने दोन वेळा सरकारमान्य माणसाकडून किंमत काढून घेतली. घर थोडं जास्त भरत होतं, म्हणून या बाजूला ठेवी टाकल्या. कागद मी स्वतः तपासलेत. काट्याला काटा."

"ग्रेट," ओवी म्हणाली. "एकदम फेअर."

उल्काने पुन्हा दोन्ही ताटल्यांकडे पाहिले. मग म्हणाली, "आमोद, तू पहिल्यांदाच बरोबर कापलंस रे." आणि तिला रडू फुटले.

कुणाला काही कळेना. ओवी आईकडे बघू लागली. एखाद्याला त्याचा पुरेपूर वाटा मिळाल्यावर तो रडतो, हे तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हते. आत्याला मात्र कळले. तिने मटाराची परात बाजूला सारली.

"अहो, परक्याबरोबर करतात असा हिशेब," उल्का पदराने डोळे पुसत काकांना म्हणाली. "दुकानदाराशी करतात. याने माझ्यासाठी कधी काट्याने मोजलं नव्हतं."

आमोदच्या जबड्याची शीर हलली. त्याला ओरडून सांगायचे होते. महिनाभर तो रात्री झोपला नव्हता. पहिल्यांदा त्याच्या मनात आले होते ते जुन्यासारखेच वाकडे कापायचे, घर एकीकडे आणि उरलेले थोडेसे दुसरीकडे. ताई काय, एवढासा वाटा उचलणारच. आणि ते मनात आल्यावर त्याला एकाएकी स्वतःची शिसारी आली होती. आयुष्यभर मोठा तुकडा त्याच्या पोटात गेला होता. आपण तिला द्यायला मोठा कापायचो, की ती घेणार नाही हे ठाऊक होते म्हणून? पन्नाशीला आल्यावर त्याला याचे खरे उत्तर देता येईना. म्हणून तो ठरवून, बायकोच्या घराची बाजी लावून, या वेळी बरोबर कापायला बसला. ताईचा एकदा तरी मान राखायचा म्हणून. आणि ती म्हणत होती परका. पण तोंड उघडले की वाटा रद्द.

"कापणारा बोलणार नाही, तर मी बोलते," आत्या म्हणाली. "उल्का, हक्क सोडू नकोस."

"वन्सं!" स्वरालीच्या तोंडून चुकून सासूचेच संबोधन निघाले. "आत्या, सकाळपासून तुम्हीच ना—"

"सकाळी मला वाटलं होतं हा घर मागेल. मागितलं असतं तर देऊन टाक म्हटलं असतं. मागणाऱ्याला दिल्याचं सुख तरी असतं. याने पुढ्यात आणून ठेवलंय. आता नाही म्हणणं म्हणजे नुसता तोरा." तिने फोटोकडे बोट केले. "हा एवढा न्यायाचा पुतळा, पण मी सही केली तेव्हा याने माझ्यापुढे ताटल्या नाही ठेवल्या. साडी ठेवली. मोरपंखी."

शमशुद्दीनकाकांनी मान खाली घातली. "आमच्यात मुलीचा हिस्सा शास्त्रातच सांगून ठेवलाय," ते हळूच म्हणाले. "माझ्या बहिणीने, फरहतनेही सोडला. मी घेतला. कायदा शिकवत होतो तेव्हा मी. कायदे दोन घरांचे दोन, कौशल्याताई, पण बहिणी सारख्याच वागल्या. आणि भाऊही."

"मग एक करू," ओवी उत्साहाने म्हणाली. तिला हे सगळे सुटण्यासारखे वाटत होते. "उल्काआत्या वाघोली घेईल, आणि घराच्या कागदात एक क्लॉज टाकू. तिला इथे येऊन राहायचा हक्क. वर्षातून इतके दिवस. लाइफटाइम. म्हणजे शेअरही मिळेल आणि माहेरही. विन-विन."

सगळे उल्काकडे बघू लागले. उल्काने क्षणभर खरेच विचार केला. करारात लिहिलेले माहेर. दिवाळीचे चार दिवस आणि मे महिन्यातला आठवडा. दिलेले दिवस वापरले नाहीत तर वाया.

"नको," ती म्हणाली. "लिहिलं की मी भाडेकरू. मग आमोद मला 'ये' म्हणाला तर कलमाला घाबरून म्हणाला की मनातून, हे मला कधीच कळायचं नाही."

"आणि किल्ली उचललीस तर?" काकांनी विचारले. ते पुढे झुकले होते. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात रविवार आला होता. "ती उचलायचा तुला पूर्ण अधिकार आहे. मार्चनंतर तुम्हाला घर हवंय, मला माहीत आहे. हे तर तुझ्या लहानपणचं घर."

उल्काने किल्ली हातात घेतली.

स्वरालीची चौकटीवरची बोटे पांढरी पडली. आमोद जमिनीकडे बघत राहिला. उल्का किल्ली तळहातावर धरून आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती. इथून तिला खिडकीचा एक कोपरा आणि माळ्यावरच्या गादीचे टोक दिसत होते. हे सगळे माझे होईल. मग मी इथे राहीन, सलिल इथे पेपर वाचेल, कढी मी करीन. आणि जेवणानंतर डोळे जड झाले की मी भांडी आवरीन, कारण घर माझे. तेव्हा मी कुठल्या जिन्याने भरभर चढून कुणाकडे जाऊ?

"काका, मी घर घेतलं तर माहेर कुठे राहील?"

काका खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "बाळ असता तर म्हणाला असता, सांग, किंमत किती लावू? पण मी कायद्याचा माणूस. आमच्याकडे याला एक जुना शब्द आहे. वहिवाट. दुसऱ्याच्या जमिनीतून जायचा हक्क. तो कागदाने नाही, चालून चालून लागू होतो. वर्षानुवर्षं आपली वाट आहे असं समजून गेलं, तर. परवानगी विचारून जाणाऱ्याला तो कधीच लागत नाही. जाणं सोडलं की तो मरतो. आणि ती जमीनच आपल्या मालकीची झाली, तर त्याच दिवशी मरतो. स्वतःच्या जमिनीवर स्वतःची वहिवाट नसते, पोरी."

उल्काने किल्ली परत ताटलीत ठेवली. अगदी हळू ठेवली, तरी स्टीलवर आवाज झालाच. मग दुसरी ताटली स्वतःकडे ओढून घेतली.

"वाघोली माझी," ती म्हणाली. "हक्क सोडत नाहीये मी. घेतेय. सलिलला सांगीन, छपराची सोय झाली म्हणून."

स्वराली चौकटीवरून हात काढून आत निघून गेली. आमोदने महिन्याभराचा श्वास सोडला आणि सगळे शब्द एकदम बाहेर आले. "ताई, तू मला परका म्हणालीस. मी मोजलं ते तुला फसवू नये म्हणून मोजलं. लहानपणापासून मोठा वाटा मीच खाल्ला. प्रत्येक वेळी. मला वाटलं एकदा तरी—"

"मला माहीत होतं की तू खायचास."

"मग तू लहान का घ्यायचीस?"

"मोठा खाताना तुझं तोंड बघण्यासारखं असायचं," उल्का म्हणाली. "आज ते राहून गेलं. एवढंच."

स्वराली बाहेर आली तेव्हा तिच्या हातात साडी होती, वेष्टनासकट. ती उल्कासमोर उभी राहिली. "ताई, ही सहीसाठी आणली होती," तिने शेवटी खरे तेच सांगितले. "आता कशासाठी देऊ माहीत नाही. पण रंग तुमचा आहे."

"बघू," आत्या मध्येच हात पुढे करून म्हणाली. पोत बोटांत धरून पाहिला. "माझ्या मोरपंखीपेक्षा बरी आहे. वाढा आता, कढी निवली असेल."

*

जेवण नेहमीपेक्षा जरा जास्तच सभ्यपणे झाले. आमोदने ताईला दोनदा मसालेभात वाढला. स्वरालीने तूप विचारून वाढले. ओवीने पाणी आणून दिले. काकांनी कढीत साखर बरोबर आहे असा निकाल दिला, आणि कुणी अपील केले नाही. एवढे गोड बोलणे या घराच्या अंगवळणी नव्हते आणि उल्काला घास उतरेना. तिला आठवत होता तो या घरातला आरडाओरडा, बाबांचे टोमणे, पापडावरून होणारी ओढाताण. सगळे तिच्याशी नव्या भांड्यासारखे जपून वागत होते. शेवटच्या घासाला तिचे डोळे जड झाले, पण ती उठून आतल्या खोलीत गेली नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली.

काका निघाले. दारात चपला घालताना त्यांनी वळून रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. "ती खुर्ची कुणी तरी वापरा रे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी मी ओवीशी भांडायला येतो. तिच्या त्या क्लॉजविषयी मला बरंच म्हणायचं आहे." ओवी म्हणाली, "या. मी तयारी करून ठेवते." म्हातारा हसत जिना उतरला.

आत्या काकांच्या खुर्चीत पेंगू लागली. आमोद जमिनीवर हाताची उशी करून आडवा झाला होता. स्वराली हात पुसत बाहेर आली. नणंदेचा ओढलेला चेहरा तिने पाहिला, आणि तिच्या मनात आज इतके काही दाटून आले होते की आवाज फार मऊ झाला.

"ताई, दमलात ना? अंथरूण कुठे घालू तुमचं?"

आत्याने डोळे उघडले.

उल्का स्वरालीकडे बघत राहिली. या बिचारीला काय माहीत. किती प्रेमाने विचारले तिने. आईनेही असेच विचारले असेल. वाटा घेतला काय, सोडला काय, शेवटी इथेच येऊन पोचायचे होते तर! ती सावरून बसली. "नको गं," ती म्हणाली, "निघतेच मी आता. सलिल वाट बघत—"

"अंथरूण काय विचारतेस तिला!" आमोद डोळे न उघडताच खेकसला. "हात मोडलेत का तिचे? ए तायडे, ऊठ. माळ्यावर गादी आहे, काढ तुझी तू. आणि उशी आण मलाही. मान अवघडलीय."

"आमोद! काय ही बोलायची पद्धत?" स्वराली म्हणाली.

"आहे ही अशी आहे. आणि पंखा वाढव जाता जाता, तायडे."

उल्का उठली. तिने पंखा वाढवला. आतल्या खोलीत जाऊन चवड्यांवर उभी राहून माळ्यावरची गादी ओढली, ती नेहमीसारखी धूळ घेऊन अंगावर आली. खिडकीखाली अंथरली. आईची चादर तिथेच होती. दोन उशा होत्या, एक कापसाने टच्च भरलेली आणि एक चपटी, चपातीसारखी. त्या दोन्ही हातांत घेऊन ती बाहेर आली आणि आमोदच्या डोक्याशी उभी राहिली. पुढे धरल्या. एक शब्द बोलली नाही.

त्याने एक डोळा उघडला. दोन्ही उशांकडे पाहिले. मग हात लांब करून टच्च भरलेली उशी खसकन ओढून घेतली, डोक्याखाली कोंबली, आणि तिच्याकडे पाठ करून झोपला.

खुर्चीत आत्या खुदकन हसली. उल्का चपटी उशी घेऊन आत गेली आणि खिडकीखाली आडवी झाली. उशी असून नसल्यासारखी होती, मान दुखणार होती. तिला तोंड चादरीत खुपसून थोडे रडून घ्यायचे होते, पण त्याआधीच झोप लागली.